बांधकामाचा करारनामा : सुटे भाग आणि जोडणी

(शताब्दी व्याख्यानमालेत सुर्ला येथे दिलेल्या व्याख्यानाचा लिखित पाठ)



साहित्य, नाटक, संतवाङ्मय हे विषय झाल्यावर वाचनालयाच्या व्याख्यानमालेत एका स्थापत्य अभियंत्याला उभे करण्याचे धाडस संयोजकांनी केले, याबद्दल त्यांचे आभार मानावेत की त्यांच्याविषयी काळजी व्यक्त करावी, हे मला ठरवता येत नाही. विषय रुक्ष आहे. करारनामा कोणी आवडीने वाचीत नाही. ज्याला तो वाचणे भाग असते त्यालाही त्याची आठवण सही करून झाल्यावर, भांडण उभे राहिल्यावरच होते. तरीही माझे म्हणणे असे की, घर बांधणाऱ्या सामान्य गृहस्थाच्या आयुष्यात त्याच्या नावाने लिहिला जाणारा सर्वांत महागडा मजकूर हाच असतो. आणि वाचनसंस्कृतीची काळजी वाहणाऱ्या संस्थेने त्या मजकुराकडेही एकदा पाहावे.

आपल्या भागात घर कसे बांधले जाई ते येथील वडीलधाऱ्यांना मी सांगण्याची गरज नाही. मेस्त यायचा, जागेवर उभा राहायचा, दोरी धरायचा. "चिरे तुमचे, मजुरी आमची. चवथीच्या आधी गणपती नव्या घरात बसला पाहिजे." झाला करार. या दोन वाक्यांत करारशास्त्रातील पुष्कळसे विषय आलेले आहेत, हे आपल्या लक्षात येईल. साहित्य कोणी पुरवायचे, मोबदला कशाचा, मुदत कोणती. मुदतीची तारीख तर अशी की ती विसरण्याची सोयच नाही. पाया भरला की काही रक्कम, चौकटी बसल्या की काही, नळे चढले की उरलेली, हा हप्त्यांचा क्रमही दोघांना ठाऊक असे. कागद नव्हता, पण मेस्त आणि घरमालक एकाच जत्रेला जाणारे होते. शब्द मोडला तर तो साऱ्या पंचक्रोशीत मोडे.

कागद नव्हता म्हणजे कायदाही नव्हता, असे मात्र नाही. पोर्तुगालची १८६७ ची नागरी संहिता १ जुलै १८७० पासून गोव्यात लागू झाली. तिच्यातील कुटुंब आणि वारसा यांविषयीचे नियम आपण आजही चर्चितो. पण त्याच संहितेत बांधकामाच्या मक्त्याविषयी काही कलमे होती, याची आठवण फारशी कोणाला नाही. त्यांतील एक तरतूद मला फार शहाणपणाची वाटते. ज्या मक्तेदाराने साहित्य आणि काम दोन्ही आपल्याकडे घेतले असेल, त्याच्यावर इमारतीच्या मजबुतीची जबाबदारी पाच वर्षे राहील. आणि ही जबाबदारी केवळ साहित्यापुरती नव्हे, तर खालच्या जमिनीच्या घट्टपणाबद्दलसुद्धा. सुटका एकाच गोष्टीने : जमीन पुरेशी भक्कम नाही, हे त्याने मालकाला वेळेवर सांगितले असले तर. खाणीच्या मातीचा भराव घातलेल्या जमिनी ज्यांनी पाहिल्या आहेत, अशा सुर्ला-पाळी-वेळगे परिसरातील श्रोत्यांना या वाक्याचे मोल वेगळे समजावून सांगायला नको. पुढे मुक्तीनंतर १८७२ चा भारतीय करार कायदा येथे आला आणि ही कलमे मागे पडली. पाच वर्षांची कल्पना पुन्हा आपल्या दारी आली ती २०१६ च्या स्थावर मालमत्ता कायद्याने, ज्याला आपण 'रेरा' म्हणतो. ताबा दिल्यापासून पाच वर्षांत रचनेतील दोष दिसला, तर विकासकाने तो आपल्या खर्चाने दुरुस्त करावयाचा. परंतु हा नियम विकासकाकडून सदनिका विकत घेणाऱ्यासाठी आहे. स्वतःच्या जागेत कंत्राटदाराकडून घर, मंदिराचा सभामंडप किंवा वाचनालयाची इमारत बांधून घेणाऱ्याला तो आपोआप मिळत नाही. त्याला जे काही मिळते ते करारनाम्यातून.

हा करारनामा येतो कोठून? कोणी तो कोऱ्या कागदावर लिहीत नाही. गेल्या दीडशे वर्षांत जगभर बांधकामाचे करार तयार साच्यांतून होत आले आहेत. अमेरिकेतील वास्तुविशारदांच्या संस्थेने १८८८ मध्ये एक समान करारनामा छापला. इंग्लंडमध्ये वास्तुविशारद आणि बांधकाम व्यावसायिक यांची संयुक्त समिती १९३१ मध्ये स्थापन झाली. आंतरराष्ट्रीय कामांसाठी 'फिडिक' या सल्लागार अभियंत्यांच्या महासंघाचे, तांबड्या मुखपृष्ठामुळे तांबडे पुस्तक म्हणून ओळखले जाणारे करारपत्र १९५७ मध्ये निघाले. आपल्याकडे केंद्रीय सार्वजनिक बांधकाम खाते १८५४ पासूनचे. त्याच्या 'कराराच्या सर्वसाधारण अटी' म्हणजे भारतातील कंत्राटदारांची पाठ्यपुस्तकेच. गोव्याच्या खात्याचे वळण याच घराण्याचे. शेजारच्या महाराष्ट्रात 'बी-१' म्हणजे टक्केवारीचा आणि 'बी-२' म्हणजे बाबवार दरांचा करार, ही नावे तालुक्याच्या ठिकाणच्या लहान कंत्राटदारालाही तोंडपाठ असतात.

या साच्यांचे कौशल्य असे की, त्यांनी कराराचे दोन भाग पाडले. एक भाग कधीच न बदलणारा. दुसरा प्रत्येक कामागणिक भरावयाचा. केंद्रीय खात्याच्या करारात 'अ' पासून 'फ' पर्यंत परिशिष्टे असतात. 'अ' मध्ये कामाच्या बाबी आणि परिमाणे, 'फ' मध्ये मुदत किती, टप्पे कोणते, प्रभारी अभियंता कोण, कोणते कलम लागू आणि कोणते नाही. जाड पुस्तक सर्वांना सारखेच. भांडण बहुतेक वेळा या चार-पाच पानांत दडलेले असते. आणि खेदाची गोष्ट अशी की, लहान कामांत हीच पाने अर्धवट भरलेली, कधी कोरी, कधी मागच्या कामावरून उतरवलेली आढळतात.

१९९३ मध्ये इंग्लंडच्या स्थापत्य अभियंत्यांनी ही विभागणी आणखी एक पाऊल पुढे नेली. 'न्यू इंजिनिअरिंग कॉन्ट्रॅक्ट' या त्यांच्या करारात गाभ्याची कलमे सर्वांना समान. त्यावर किंमत ठरविण्याच्या सहा पद्धतींपैकी एक निवडावयाची. आणि मग भाववाढ, विलंबाची भरपाई, अनामत अशी ऐच्छिक कलमे हवी तशी जोडावयाची. भाषा साधी, वाक्ये आखूड, क्रियापदे वर्तमानकाळी. पेवरच्या विटा जशा एकमेकींत बसतात तशी कलमे बसावीत, ही त्यामागची दृष्टी. कराराची अशी सुटी अंगे तयार झाल्यावर त्यांची जोडणी संगणकाकडे जाणे हे ओघानेच आले.

ही प्रणाली काम कशी करते, ते थोडक्यात सांगतो. संगणकात कलमांचा संग्रह असतो. त्याला कलमांचे ग्रंथालय म्हणतात, आणि या सभागृहात ते नाव मी आनंदाने उच्चारतो. वापरणाऱ्यापुढे कलमे येत नाहीत, प्रश्न येतात. काम बाबवार दराने की ठोक रकमेने? साहित्य कोणाचे? मुदत किती महिन्यांची? दुरुस्ती चालू असताना इमारत वापरात राहणार का? प्रत्येक उत्तराबरोबर आत काही कलमे येतात, काही गळतात. ठोक रक्कम म्हटले की मोजमाप-पुस्तकाची कलमे आखडतात आणि वाढीव कामाच्या लेखी हुकमाचे कलम कडक होते. इमारत वापरात राहणार म्हटले की ये-जा, धूळ आणि सुरक्षेची कलमे जोडली जातात. मालकाचे नाव एकदा लिहिले की चाळीस ठिकाणी तेच उमटते. एखादे कलम गळले आणि दुसऱ्या कलमात त्याचा उल्लेख राहिला, तर प्रणाली तो दाखवून देते. कारकुनाने कात्री आणि डिंकाने केलेले काम ज्यांनी पाहिले आहे, त्यांना यातील सोय कळेल.

कात्री-डिंकाचे एक उदाहरण देतो. नाव-गाव सांगत नाही. एका शाळेच्या इमारतीचा करार मजजवळ वाद झाल्यावर सल्ल्यासाठी आला. शाळेच्या करारात डांबराच्या तापमानाचे कलम! पूर्वी केलेल्या रस्त्याच्या करारातून ते सदेह आले होते. ते निरुपद्रवी म्हणून आम्ही हसलो. पण पुढे परिमाणपत्रकात छपराला लाकडी वासे लिहिलेले आणि नकाशात लोखंडी कैच्या काढलेल्या. मालक नकाशावर बोट ठेवीत होता, कंत्राटदार परिमाणपत्रकावर. अशा वेळी कोणता कागद वरचढ, याचा क्रम केंद्रीय खात्याच्या अटींत दिलेला आहे : आधी परिमाणपत्रकातील वर्णन, मग विशेष विनिर्देश आणि अटी, नकाशा त्यानंतर. नकाशा पाहून सही करणाऱ्या मालकाला हा क्रम ऐकून धक्का बसला. नकाशा चित्र असते, ते डोळ्यांना कळते. म्हणून तेच खरे, असे आपल्याला वाटते. कराराला तसे वाटत नाही. जोडणी करणाऱ्या प्रणालीने हा विरोध पकडला असता का? डांबराचे कलम निश्चित गाळले असते. वासे आणि कैच्या यांतील विरोध पकडला नसता, कारण ती नकाशा वाचीत नव्हती. तेवढे काम दोन माणसांनी शेजारी बसून करावयाचे होते.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. साच्यातील कलम चांगले का असते? ते सुबक लिहिलेले असते म्हणून नव्हे. बहुधा ते अत्यंत कंटाळवाणे असते. ते चांगले असते कारण त्यावर लोक भांडलेले असतात. विलंबाच्या भरपाईचे कलम घ्या. केंद्रीय खात्याच्या करारात तिला निविदेच्या रकमेच्या दहा टक्क्यांची कमाल मर्यादा आहे. तिच्यामागे करार कायद्याचे ७४ वे कलम उभे आहे, आणि त्यामागे १९६३ चा फत्तेचंद खटला, ज्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की करारात लिहिलेली रक्कम ही कमाल मर्यादा; त्या मर्यादेत वाजवी तेवढीच भरपाई मिळेल. म्हणजे एका वाक्याच्या पोटात साठ वर्षांची न्यायालयीन कहाणी आहे. ते वाक्य जसेच्या तसे उचलले तर ती कहाणी बरोबर येते. कोणी ते अधिक सुंदर करायला गेला तर कहाणी मागे राहते आणि उरते फक्त वाक्य.

म्हणूनच अलीकडे जी नवी यंत्रे आली आहेत, सांगाल तो मजकूर स्वतः रचून देणारी, त्यांच्याकडून कराराची कलमे लिहवून घेण्याविषयी मी साशंक आहे. जोडणीची प्रणाली त्याच उत्तरांना दर वेळी तेच कलम देते. रचणारे यंत्र दर वेळी नवे वाक्य देऊ शकते. वाचायला ते बरोबरच वाटते, पण त्यावर अद्याप कोणी भांडलेले नसते. त्या यंत्राने तयार करार वाचून त्यातील विसंगती दाखवाव्यात, अवघड कलम सोप्या मराठीत सांगावे, ही कामे जरूर घ्यावीत. मी स्वतः घेतो. वाक्य मात्र जुने असावे.

पण जुने म्हणजे किती जुने? येथेच साच्याची दुसरी बाजू दिसते. लवादाचे कलम पाहा. वर्षानुवर्षे सरकारी करारांत वाद मिटविण्यासाठी लवाद नेमण्याचा अधिकार खात्याच्या मुख्य अभियंत्याकडे असे. ज्याच्याशी भांडण, त्याच्याच वरिष्ठाने पंच नेमावयाचा. लवाद कायद्यात २०१५ मध्ये दुरुस्ती झाली. २०१९ मध्ये पर्किन्स ईस्टमन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने, निकालात ज्याचा स्वार्थ आहे त्याने एकमेव लवाद नेमू नये, असे म्हटले. आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये घटनापीठाने सार्वजनिक संस्थांच्या करारांतील अशी एकतर्फी नेमणूक समानतेच्या तत्त्वाला धरून नाही, असा निर्णय दिला. सरकारी खात्यांचे साचे बदलतात, सावकाश का होईना. परंतु ज्या खासगी सल्लागाराच्या संगणकात २०१२ साली भरलेला कलमांचा संग्रह आहे, त्याचे काय? १ जुलै २०१७ ला वस्तू व सेवा कर आल्यानंतरही, त्यापूर्वीच्या कंत्राटावरील विक्रीकराचे कलम असलेले करार मी पाहिले आहेत. देखणे, एकसारख्या अक्षरात छापलेले, एकही शुद्धलेखनाची चूक नसलेले. शिळेपणा अक्षरावरून कळत नाही, ही संगणकाने केलेली मोठी पंचाईत आहे. पूर्वी कागद पिवळा पडत असे.

आपल्या भागाने तर साच्यात न बसणाऱ्या गोष्टी भरपूर पाहिल्या. दैवी आपत्तीच्या कलमात पूर, भूकंप, युद्ध, दंगल यांची यादी असते. २०१२ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात गोव्यातील खाणी थांबल्या, आणि पुन्हा मार्च २०१८ मध्ये. ट्रकवाले, यंत्रवाले, त्यांच्या मिळकतीवर घरे बांधायला काढलेले लोक, सर्वांचे हिशेब एका दिवसात बदलले. हा पूर होता की युद्ध? यादीत ते नव्हते. महासाथीच्या वेळी निदान केंद्रीय अर्थखात्याने फेब्रुवारी २०२० मध्ये स्पष्टीकरण काढून तिला नैसर्गिक आपत्ती मानण्याची वाट करून दिली, आणि पुढे मे महिन्यात मुदतवाढीचे आदेश निघाले. ते सरकारी करारांसाठी. खासगी घरमालक आणि त्याचा कंत्राटदार यांना जे काही होते ते आपल्या कागदात, किंवा एकमेकांच्या समजुतीत.

मग पाऊस. देशभरासाठी केलेल्या साच्यात मुदत महिन्यांत मोजतात. आपल्याकडे जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पाया खणता येत नाही आणि उघडे छप्पर ठेवता येत नाही. 'मुदत नऊ महिने, पावसाळा धरून' आणि 'मुदत नऊ महिने, पावसाळा वगळून' ही दोन वेगळी कामे आहेत, दोन वेगळ्या किमतींची. दोष-दुरुस्तीच्या जबाबदारीचेही तसेच. खात्यांच्या करारांत इमारतींसाठी ही मुदत बहुधा बारा महिन्यांची आढळते. बारा महिन्यांत पावसाळा येतो एक. छपराची गळती पहिल्या पावसात झाकली जाते, नवा गिलावा पाणी पितो. भिंतीला खरा डाग पडतो तो दुसऱ्या वर्षी, आणि तेव्हा कंत्राटदाराची अनामत परत गेलेली असते. प्रणालीला कोणी विचारायला शिकवले नाही, तर ती हा प्रश्न विचारणार नाही; तिच्यात आधीपासून भरलेले उत्तर बारा महिने आहे, आणि आपण पुढचे बटन दाबतो. न विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर नेहमी ज्याने प्रणाली विकत घेतली त्याच्या बाजूचे असते, हा माझा अनुभव आहे. मालकाची असेल तर मालकाच्या, बड्या कंत्राटदाराची असेल तर त्याच्या.

कायद्यात एक जुने तत्त्व आहे : संदिग्ध कलमाचा अर्थ ज्याने ते लिहिले त्याच्याविरुद्ध लावावा. आता कलम कोणीच लिहिलेले नाही, संग्रहातून आले आहे, तर लिहिणारा कोण? माझे उत्तर असे की, ज्याने प्रश्नांची उत्तरे दिली तो. म्हणून माझा आग्रह प्रणाली वापरू नये असा नाही, वापरावीच. आग्रह एवढाच की प्रश्नांची उत्तरे मालक आणि कंत्राटदार या दोघांनी एकत्र बसून द्यावीत, आणि ते प्रश्न त्यांच्या रोजच्या वाचनाच्या भाषेत असावेत. येथे रोज सकाळी मराठी वृत्तपत्र पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचणारा गृहस्थ, लाखो रुपयांच्या इंग्रजी करारावर 'येथे सही करा' म्हटले तेथे सही करतो. करार इंग्रजीत राहो. न्यायालयाच्या सोयीसाठी त्याला कारण आहे. पण प्रश्न मराठीत आणि त्यांची उत्तरे मराठीत, दोघांच्या सहीनिशी कराराला जोडावीत, आणि इंग्रजी कलम व मराठी उत्तर यांत विरोध आला तर कोणते मानावे, हेही तेथेच लिहावे. यात तांत्रिक अडचण कोणतीही नाही. इसारा, अनामत, मुदतवाढ, मोजमाप-पुस्तक, कार्यारंभ आदेश, हे शब्द मराठीत केव्हाचे रुळलेले आहेत.

असा एक कागद मी घरे, सभामंडप आणि लहान संस्थांच्या इमारतींसाठी तयार केला आहे. चोवीस प्रश्न आहेत. त्याच्या प्रती ग्रंथपालांकडे ठेवल्या आहेत. सभासद असो वा नसो, बांधकाम काढणाऱ्या कोणालाही त्या न्याव्यात. अकरावा प्रश्न असा आहे : 'काम पूर्ण झाल्यानंतर गळतीची जबाबदारी किती पावसाळ्यांची?' पुढे जागा कोरी सोडली आहे. वाचनालयाच्या नव्या छपराचे काम कार्यकारी मंडळ येत्या हंगामात काढणार आहे, असे अध्यक्षांनी मघाशी सांगितले. पहिली प्रत त्यांच्यासाठी मी बरोबर आणली आहे.